पोटॅशियमला धरायचं, बाकीच्यांना सोडायचं

"अहो, घ्या ना एकदाचं. किती वेळ ढवळत बसणार?"

मामी असं म्हणाली की मामा पेल्यात आणखी दोनदा चमचा फिरवतात. स्टीलचा पेला, त्यात अर्धा कप पाणी आणि पुडीतून ओतलेली फिकट पिवळसर पावडर. ढवळणं थांबलं की ती तळाशी जाऊन बसते, म्हणून पुन्हा ढवळायचं. शेवटी डोळे मिटून घोट घेतात आणि तोंड वाकडं करून म्हणतात, "वाळू आहे ही. निव्वळ वाळू."

मामांची किडनी हळूहळू थकत चालली आहे. डायलिसिसची वेळ आलेली नाही, पण गेल्या दोन रिपोर्टांत पोटॅशियम वर गेलं, 5.9 पर्यंत. रिपोर्टच्या उजव्या बाजूला नॉर्मल म्हणून 3.5 ते 5 च्या आसपासचे आकडे छापलेले असतात. डॉक्टरांनी ही पुडी लिहून दिली. औषधाच्या दुकानात तिला बहुतेकजण 'पोटॅशियमची पावडर' म्हणतात. मामा एसटीत वाहक होते, त्यामुळे हिशेब जुळल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. त्यांनी मला विचारलं, "ही पावडर पोटात विरघळत नाही, रक्तात जात नाही, जशी आत जाते तशीच बाहेर पडते असं डॉक्टर म्हणाले. मग रक्तातलं पोटॅशियम ही उतरवते कशी?"

प्रश्न अगदी रास्त आहे. उत्तर देताना थोडं शरीरशास्त्र आणि बरंच रसायनशास्त्र लागतं. गंमतीचा भाग रसायनशास्त्रात आहे, म्हणून शरीराचं आधी उरकून घेतो.

अडीच ग्रॅमचा मामला

सत्तर किलोच्या माणसाच्या अंगात साधारण 135 ग्रॅम पोटॅशियम असतं. त्यातलं 98 टक्के पेशींच्या आत, मुख्यतः स्नायूंमध्ये, कोंडलेलं असतं. रक्त आणि पेशींबाहेरचं सगळं पाणी मिळून जेमतेम अडीच ग्रॅम. आता आपल्या रोजच्या जेवणाकडे बघा. डाळ, भाजी, फळं, दूध यांतून दिवसाला दोन ते चार ग्रॅम पोटॅशियम पोटात जातं. म्हणजे पेशींबाहेर जेवढा एकूण साठा आहे तेवढीच भर आपण रोज टाकतो आणि तरीही रक्तातला आकडा हलत नाही. जेवण झाल्यावर इन्शुलिन आलेलं पोटॅशियम तात्पुरतं पेशींमध्ये ढकलतं, मग किडनी सावकाश ते लघवीवाटे काढून टाकते. बाहेर जाणाऱ्यापैकी जवळपास 90 टक्के किडनीतून जातं, उरलेलं शौचावाटे.

किडनी थकली की ही व्यवस्था बिघडते. आत-बाहेरच्या फरकावर प्रत्येक स्नायूपेशी बॅटरीसारखी चार्ज झालेली असते. बाहेरचं पोटॅशियम वाढलं की तो फरक कमी होतो, बॅटरी उतरते, आणि ज्या स्नायूला क्षणभरही थांबायची मुभा नाही त्यालाच, म्हणजे हृदयाला, ते सगळ्यात जास्त जाचतं. ईसीजीत टी नावाची लाट तंबूसारखी टोकदार होते. आणखी वाढलं तर लाटा रुंद होत जातात, आणि पुढे ठोके थांबूही शकतात. खरा धोका असा की माणसाला बऱ्याचदा काहीच जाणवत नाही. मामांनाही काही जाणवलं नव्हतं. कळलं ते कागदावर.

(कागदही कधी कधी खोटं बोलतो. रक्त काढताना दंडाला पट्टी फार वेळ आवळून ठेवली, मूठ वारंवार उघडझाप करायला लावली किंवा नळीतच तांबड्या पेशी फुटल्या, तर पेशींच्या पोटातलं पोटॅशियम बाहेर सांडतं आणि आकडा उगाच फुगतो. ईसीजी ठीक असताना आकडा अनपेक्षितपणे मोठा आला तर डॉक्टर पुन्हा रक्त काढायला लावतात ते यासाठी.)

आता मामांचा प्रश्न. आतडं म्हणजे वरून आलेलं शोषून घेणारी एकेरी नळी, असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात तो दुहेरी रस्ता आहे. पाचक रसांबरोबर रक्तातलं पोटॅशियम आतड्यात उतरतं, पुढे त्यातलं बरंच परत शोषलं जातं. मोठं आतडं तर स्वतःहून पोटॅशियम बाहेर टाकतं, आणि किडनी कामातून जाऊ लागली की हे काम ते वाढवतंसुद्धा. म्हणजे रक्त आणि आतडं यांच्यात पोटॅशियमची ये-जा सतत चालू असते. आतड्यात उतरलेलं पोटॅशियम कुणी तिथेच धरून ठेवलं, परत जाऊ दिलं नाही, तर रक्तातला आकडा आपोआप उतरणार. पावडरीला रक्तात जावंच लागत नाही. ती दारात उभी राहते.

"म्हणजे स्टँडच्या फाटकावर," मामा म्हणाले. अगदी बरोबर. पण त्या फाटकातून सोडियम, कॅल्शियम, मॅग्नेशियम, अमोनियम अशी सगळी गर्दी जात असते. एकट्या पोटॅशियमला हेरून धरायचं आणि बाकीच्यांना जाऊ द्यायचं, हे अवघड. गेल्या साठ-सत्तर वर्षांतली या पावडरींची सगळी कहाणी या एका अडचणीभोवती फिरते.

सोसायटीच्या पंपघरातला नातेवाईक

बोअरचं जड पाणी असलेल्या सोसायट्यांमध्ये पंपघराशेजारी एक उंच टाकी असते, सॉफ्टनरची. तिच्या आत मधाच्या रंगाचे बारीक मणी भरलेले असतात. ठरावीक दिवसांनी कुणीतरी मिठाची गोणी आणून शेजारच्या पिंपात ओततो. ते मणी म्हणजे पॉलिस्टायरीन नावाच्या प्लास्टिकचं जाळं, आणि त्या जाळ्यावर जागोजागी सल्फोनेटचे ऋणभारित हूक. सुरुवातीला प्रत्येक हुकाला सोडियम लटकलेलं असतं. जड पाणी त्यातून गेलं की पाण्यातलं कॅल्शियम हुकावर बसतं आणि सोडियम सुटून पाण्यात येतं. सगळे हूक कॅल्शियमने भरले की मिठाचं दाट पाणी सोडायचं. सोडियमची झुंड कॅल्शियमला हुसकावून लावते आणि मणी पुन्हा कामाला तयार.

इथे स्पंजासारखं शोषणं नाही, आहे ती अदलाबदल. एक घ्यायचं तर एक द्यायचं. अशा कृत्रिम राळेचा शोध 1935 साली इंग्लंडमध्ये अ‍ॅडम्स आणि होम्स या दोघांनी लावला. ग्रामोफोनच्या तबकडीचा चुरा करून पाहताना त्यांना हा गुण दिसला, असं सांगतात. पुढे पॉलिस्टायरीनची राळ आली आणि जगभर पाणी मऊ करू लागली.

मामांच्या पेल्यातली पावडर या मण्यांचीच दळलेली भावंडं आहे. हे मी त्यांना सांगितलं तेव्हा मामीने पेला हातात घेऊन उजेडात धरून पाहिला.

या राळेचं सोडियम लावलेलं रूप, सोडियम पॉलिस्टायरीन सल्फोनेट, अमेरिकेत 1958 साली औषध म्हणून मंजूर झालं. नाव केएक्सलेट. तारीख लक्षात ठेवण्यासारखी आहे, कारण औषध खरोखर उपयोगी पडतं याचा पुरावा कंपनीने द्यायलाच हवा, हा अमेरिकी कायदा आला 1962 साली. केएक्सलेट त्याआधीच दारातून आत आलेलं होतं. त्यामुळे ज्याची आज कुठल्याही नव्या औषधाकडून अपेक्षा करतात तशी कसोटी न देता ते अर्धशतकभर जगभरच्या वॉर्डांत वापरलं गेलं. मला याचा राग येत नाही, कारण 1958 साली दुसरं काय होतं? पण 'पन्नास वर्षं वापरतोय म्हणजे सिद्ध झालंय' असं कुणी म्हणालं की ही तारीख आठवते.

या राळेची खोड तिच्या जन्मातच आहे. तिला आवडतं कॅल्शियम. मऊ पाणी करायला तोच गुण हवा असतो. पोटॅशियम धरायला तिला आतड्यात पाठवलं की ती वाटेत भेटेल त्या कॅल्शियम-मॅग्नेशियमला आधी जागा देते. प्रयोगशाळेत एक ग्रॅम राळ सुमारे तीन मिलीमोल (अणूंची संख्या मोजायचं माप) पोटॅशियम धरू शकते. पोटात गेल्यावर हिशेब साधारण एका मिलीमोलवर येतो. उरलेल्या हुकांवर दुसरेच कुणी बसलेले असतात.

आणि बदल्यात देते काय? सोडियम. पंधरा ग्रॅमच्या एका डोसात जवळपास दीड ग्रॅम सोडियम असतं. पायावर सूज असलेल्या, हृदय अशक्त असलेल्या माणसाला आपण मीठ कमी खा म्हणून बजावतो आणि औषधातून ते देतो. म्हणून या राळेचं कॅल्शियम लावलेलं रूप पुढे आलं, कॅल्शियम पॉलिस्टायरीन सल्फोनेट. भारतात मुख्यतः हेच चालतं, मामांच्या पुडीत हेच आहे. सोडियमचा त्रास टळतो. बद्धकोष्ठ टळत नाही.

या बद्धकोष्ठावर तोडगा म्हणून केएक्सलेटमध्ये सॉर्बिटॉल हे जुलाबाचं गोड औषध मिसळायची पद्धत पडली. त्यातून काही रुग्णांची आतडी सडल्याच्या गंभीर घटना नोंदवल्या गेल्या. काढलेल्या आतड्याचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला की त्यात राळेचे जांभळे तुकडे दिसतात, माशाच्या खवल्यांसारखी नक्षी असलेले. असं दृश्य क्वचितच दिसतं, पण पाहिलेला पॅथॉलॉजिस्ट ते विसरत नाही. 2009 साली अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध नियामक संस्थेने, दोन्ही एकत्र देऊ नका असा इशारा दिला.

तरी जुन्या पावडरीला अगदीच मोडीत काढणं अन्यायाचं होईल. 2015 साली प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या, पण नीट केलेल्या चाचणीत, किडनीचा आजार असलेल्या 33 रुग्णांना सात दिवस रोज 30 ग्रॅम केएक्सलेट किंवा तशीच दिसणारी फोल पावडर दिली. केएक्सलेटवाल्यांचं पोटॅशियम फोल पावडरवाल्यांपेक्षा सुमारे एकाने जास्त उतरलं. 5.9 चं 4.9 व्हावं इतका हा फरक आहे. तेव्हा मामा पितात ती वाळू फुकट जात नाही.

फ्लोरिनची चिमूट

नव्या पिढीतली पहिली पावडर पॅटिरोमर, नाव व्हेल्टासा, ऑक्टोबर 2015 मध्ये अमेरिकेत मंजूर झाली. घराणं जुनंच: प्लास्टिकचं जाळं आणि त्यावर हूक. पण यावेळी ते पाण्याच्या टाकीसाठी नाही, आतड्यासाठीच आखलेलं.

हूक सल्फोनेटऐवजी कार्बोक्झिलेटचे, म्हणजे व्हिनेगरमध्ये असतो त्या जातीचे. हे हूक मुळात दुबळे. थोडं आम्ल भेटलं की हायड्रोजन पकडून बसतात आणि मग कुणालाच जागा देत नाहीत. म्हणून प्रत्येक हुकाशेजारी एक फ्लोरिन अणू बसवला. फ्लोरिन अतिशय लोभी. तो आजूबाजूचे इलेक्ट्रॉन आपल्याकडे ओढतो, हुकाची हायड्रोजनवरची पकड सैल होते आणि मोठ्या आतड्यातल्या वातावरणात हूक मोकळे राहतात. मोठ्या आतड्यात पोटॅशियमचं प्रमाण सगळ्यात जास्त असतं, तिथेच या पावडरीला काम करायचं आहे.

दाण्यांचा आकारही ठरवून केला. जुनी राळ दळलेली, खडबडीत. पॅटिरोमरचे मणी गोल, गुळगुळीत, साधारण मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढे, पाण्यात फार न फुगणारे. बदल्यात देते ते कॅल्शियम.

तोटे आहेत. काम सुरू व्हायला सुमारे सात तास लागतात, कारण पावडर मोठ्या आतड्यापर्यंत पोचायला हवी. वाटेत मॅग्नेशियमही धरते, म्हणून ते अधूनमधून तपासावं लागतं. इतर गोळ्याही तिच्या हुकात अडकू शकतात, म्हणून त्यांच्यात आणि हिच्यात तीन तासांचं अंतर ठेवायचं. आणि ती फ्रिजमध्ये ठेवायची. बाहेर ठेवली तर तीन महिन्यांत संपवायची. विदर्भातल्या मे महिन्याचा विचार ही सूचना लिहिणाऱ्याच्या मनात नसणार.

इरलं काढायला लावणारं दार

मला स्वतःला यातली सगळ्यात देखणी वाटते ती तिसरी पावडर. सोडियम झिर्कोनियम सायक्लोसिलिकेट, नाव लोकेल्मा. नावानेच धाप लागते. टेक्सासमधल्या एका छोट्या कंपनीने ती बनवली, नंतर अ‍ॅस्ट्राझेनेकाने ती कंपनीच विकत घेतली. कारखान्यातल्या उत्पादनावरच्या आक्षेपांमुळे एफडीएने दोनदा नकार दिला, शेवटी मे 2018 मध्ये होकार मिळाला.

हे प्लास्टिक नव्हे. झिर्कोनियम, सिलिकॉन आणि ऑक्सिजन यांचा हा स्फटिक आहे, म्हणजे जवळजवळ दगडच. त्यात एकसारखी छिद्रं आहेत, प्रत्येक सुमारे 3 अँगस्ट्रॉम रुंद. एका मिलिमीटरमध्ये अशी तेहतीस लाख छिद्रं ओळीने मावतील. पोटॅशियमचा उघडा आयन, म्हणजे विद्युतभार असलेला अणू, तोही जवळजवळ तेवढाच. तो बरोबर बसतो.

इथे मामांनी अडवलं. "सोडियम पोटॅशियमपेक्षा लहान असतं, हे तूच सांगितलंस मघाशी. मोठ्याला जागा आहे तिथे लहान आरामात जाईल की. एसटीत पोराला कधी जागा मिळाली नाही असं झालंय का?"

चाळणी समजून बघितलं तर ते बरोबरच आहे, चाळणीतून लहान दाणा आधी पडतो. पण हे आयन पाण्यात कधी उघडे नसतात. कोकणात भाताच्या लावणीला लोक इरलं पांघरून उभे असतात, तसं प्रत्येक आयनाने पाण्याच्या रेणूंचं इरलं पांघरलेलं असतं. आयन जितका लहान तितका त्याचा भार एकवटलेला, आणि तितकं इरलं घट्ट धरलेलं. सोडियम लहान म्हणून त्याचं इरलं त्याला सोडवत नाही. कॅल्शियमवर तर दुप्पट भार, त्याचं त्याहून घट्ट. पोटॅशियम मोठं, त्याचा भार विखुरलेला, त्याचं इरलं सैल.

छिद्रात शिरायचं तर इरलं दाराशी काढून ठेवायला हवं. त्याला ऊर्जा लागते, आणि ती भरून निघाली तरच आयन आत जाईल. छिद्राच्या कडेने ऑक्सिजनच्या अणूंचं कडं असतं. आत आलेल्या आयनाला हे ऑक्सिजन चारी बाजूंनी धरतात, पाण्याच्या रेणूंनी धरलं होतं तसंच. पोटॅशियम या कड्यात नेमकं बसतं. सगळे ऑक्सिजन त्याला टेकतात आणि सोडलेल्या इरल्याची पुरती भरपाई होते. सोडियम आत आलं तर मोठ्या मापाच्या बांगडीत बारीक मनगट घातल्यासारखं होतं. एका बाजूला टेकलं तर दुसरी बाजू मोकळी. एवढ्या घट्ट इरल्याची भरपाई तेवढ्यात होत नाही, म्हणून ते बाहेरच राहतं. कासार हात बघून बांगडीचं माप काढतो, सैल बांगडी तो चढवतच नाही.

हा नियम रसायनशास्त्रज्ञांच्या आधी निसर्गाला सापडला होता. आपल्या प्रत्येक पेशीच्या भिंतीत पोटॅशियमसाठी वेगळी दारं असतात. त्यांच्यातून पोटॅशियम झरझर जातं आणि लहान असूनही सोडियम अडतं. का, हे रॉडरिक मॅकिनन यांनी 1998 साली त्या दाराची अणू-अणूची रचना उलगडून दाखवली तेव्हा डोळ्यांना दिसलं. तिथेही ऑक्सिजनची कडी, तीही पोटॅशियमच्या मापाची. 2003 सालचं रसायनशास्त्राचं नोबेल त्यांना यासाठीच विभागून मिळालं. लोकेल्माचा स्फटिक त्याच युक्तीवर चालतो, आपण फक्त ती दगडात कोरली.

परिणाम लगेच दिसतो. 2014 साली प्रसिद्ध झालेल्या हार्मनाइझ नावाच्या चाचणीत 258 रुग्णांना पहिले 48 तास ही पावडर दिवसातून तीनदा, दहा-दहा ग्रॅम दिली. सरासरी पोटॅशियम 5.6 वरून 4.5 वर आलं. निम्म्या रुग्णांचा आकडा 2.2 तासांतच नॉर्मलमध्ये आला. ती मोठ्या आतड्याची वाट बघत नाही, वरच्या भागापासूनच कामाला लागते.

पण एक घ्यायचं तर एक द्यायचं, हा कायदा इथेही सुटत नाही. पोटॅशियमच्या बदल्यात ती सोडियम आणि हायड्रोजन सोडते. पाच ग्रॅममध्ये 400 मिलीग्राम सोडियम. केएक्सलेटच्या मानाने कमी, तरी काही रुग्णांच्या पायावर सूज येते. डोस जितका जास्त तितकी शक्यता जास्त.

मग ही कशासाठी घ्यायची?

एक गैरसमज आधी काढतो. आकडा सात झाला, ईसीजी बदलला, तर पेल्यात पावडर ढवळत बसायचं नसतं. तेव्हा दवाखान्यात हृदयाला सांभाळायला शिरेतून कॅल्शियम, मग पोटॅशियम पेशींत ढकलायला इन्शुलिन आणि ग्लुकोज, नेब्युलायझरमधून साल्ब्युटामॉल, गरज पडली तर डायलिसिस. लोकेल्मा इन्शुलिनच्या जोडीने तातडीच्या वेळी देऊन पाहिलं आहे, 70 रुग्णांत. चार तासांनी फोल पावडरीपेक्षा ठोस फरक दिसला नाही.

या पावडरींची खरी जागा तातडीच्या आधीच्या महिन्या-वर्षांत आहे, आणि त्यामागे एक कोंडी आहे. रामिप्रिल, टेल्मिसार्टन, स्पायरोनोलॅक्टोन ही औषधं किडनी आणि हृदय राखतात, आणि हीच औषधं पोटॅशियम वाढवतात. 1999 साली रॅल्स नावाच्या चाचणीत दिसलं की हृदय अशक्त असलेल्या रुग्णांत स्पायरोनोलॅक्टोनमुळे मृत्यू 30 टक्क्यांनी घटले. डॉक्टर जोमाने ते लिहू लागले. मग 2004 साली कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतातले आकडे आले. अशा रुग्णांत वाढलेल्या पोटॅशियममुळे रुग्णालयात भरती होण्याचं प्रमाण 1994 मध्ये हजारी 2.4 होतं, ते 2001 मध्ये हजारी 11 झालं. चाचणीत रक्त वेळच्या वेळी तपासलं जात होतं. गावोगावच्या दवाखान्यांत ते तसं होत नव्हतं.

तेव्हापासून पोटॅशियम वाढलं की गोळी बंद करायची किंवा अर्धी करायची, असं चाललं. आकडा सुधारतो, पण हृदयाचं आणि किडनीचं कवच जातं. पावडर घेऊन गोळी चालू ठेवता आली तर? पॅटिरोमरच्या अ‍ॅम्बर चाचणीत 295 रुग्ण होते, किडनीचा आजार आणि न उतरणारं ब्लडप्रेशर असलेले. बारा आठवड्यांनी फोल पावडरवाल्यांपैकी 66 टक्के लोक स्पायरोनोलॅक्टोनवर टिकले, पॅटिरोमरवाल्यांपैकी 86 टक्के.

इथपर्यंत गोष्ट छान वाटते. 2024 साली लोकेल्माची रिअलाइझ-के नावाची चाचणी आली, हृदय अशक्त असलेल्या 203 रुग्णांची. स्पायरोनोलॅक्टोन नीट चालू राहण्याचं प्रमाण 71 टक्के, विरुद्ध बाजूला 36. पण हृदयविकाराने मृत्यू किंवा हृदयाची स्थिती बिघडणं, अशा घटना लोकेल्माच्या बाजूला 11 जणांत, फोल पावडरीच्या बाजूला तिघांत. आकडे लहान आहेत, यावरून निकाल देता येत नाही. तरी बदल्यात दिलेलं ते सोडियम डोळ्यांसमोर येतंच. या पावडरींनी आकडा उतरतो हे पक्कं. त्यांच्यामुळे माणसं जास्त जगतात हे अजून कुणी दाखवून दिलेलं नाही. नव्या पावडरी जुनीपेक्षा कितीतरी महाग आहेत, त्यामुळे हा मुद्दा खिशालाही लागतो.

डायलिसिसवर असलेल्यांसाठी हिशेब जरा वेगळा. दोन डायलिसिसमधला लांबचा खंड, विशेषतः रविवार धरून येणारा, सगळ्यात धोक्याचा. लोकेल्मा फक्त डायलिसिस नसलेल्या दिवशी देऊन पाहिलं, 196 रुग्णांत. खंडानंतरचं पोटॅशियम आटोक्यात राहण्याचं प्रमाण 41 टक्के, विरुद्ध फक्त एक टक्का. आपल्याकडे खर्चापायी, अंतरापायी आठवड्याला दोनच वेळा डायलिसिस करून घेणारे बरेच आहेत. त्यांचे खंड आणखी लांब.

पथ्याचं थोडक्यात. शहाळं आजाऱ्याला आवर्जून देतात, पण त्याच्या एका पेल्यात चारशे ते सहाशे मिलीग्राम पोटॅशियम असतं. बटाटा, रताळं चिरून भरपूर पाण्यात उकडावं आणि ते पाणी टाकून द्यावं, पोटॅशियम बरंच निघून जातं. सगळ्यात फसवं म्हणजे ब्लडप्रेशरवाल्यांसाठी म्हणून विकलं जाणारं लो-सोडियम मीठ. सोडियम काढून त्याच्या जागी पोटॅशियमच घातलेलं असतं. मामांच्या डब्यात ते तीन महिने होतं. शेजाऱ्यांनी चांगल्या मनाने आणून दिलं होतं, डब्यावर हृदयाचं चित्रही होतं.

ते बंद केलं, पावडर चालू आहे, परवाचा आकडा 5.1 आला. मामांनी गोळ्यांचं वेळापत्रक एसटीच्या पाटीसारखं भिंतीवर लिहून लावलंय: सकाळी सातला ब्लडप्रेशरची गोळी, अकराला पावडर, मधे काही नाही. डॉक्टरांनी पुढच्या महिन्यात नवी पावडर देऊन बघू म्हटलंय. मामांनी मला पहिला प्रश्न केला तो चवीचा. तिला चव नसते, असं मी सांगितलं. मात्र ती दगडाचीच, तीही विरघळत नाही, तळाशी बसते, पेल्यात पुन्हा पाणी घालून ढवळून शेवटचा घोट घ्यायचा. आणि त्या दिवसांत पोटाचा एक्स-रे काढायची वेळ आली तर तंत्रज्ञाला आधी सांगायचं, कारण फिल्मवर ती पांढरी दिसू शकते.

"म्हणजे ढवळणं काही सुटत नाही," असं म्हणत मामांनी चमचा पेल्यात टाकला.